जिभेखालची गोळी

शाळेच्या ओट्यावरून उतरताना ओल्या फरशीवर माझी चप्पल सरकली आणि मी बसल्यासारखी खाली आले. मुलं हसली, मीही हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी मला अंथरुणातून उठता येईना.

आम्ही आंजी (मोठी)ला राहतो. नवरा वर्ध्याला पंचायत समितीत कारकून, मी जवळच्याच एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका. मुलगी अमरावतीला होस्टेलवर. तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते. वर्ध्याच्या हाडांच्या डॉक्टरांनी कमरेतली गादी सरकल्याचं सांगितलं. ऑपरेशन नको म्हणाले, विश्रांती घ्यायला सांगितली, कमरेला पट्टा दिला आणि दुखणं फारच झालं तर घ्यायला एक गोळी लिहून दिली. टॅपेंटाडॉल. चिठ्ठी पंधरा दिवसांची होती. ही गोळी अफूच्या कुळातली आहे हे मला ठाऊक नव्हतं. स्ट्रिपवर लाल पट्टी असते, तिचा अर्थ काय हेही मी कधी विचारलं नाही.

पहिली गोळी घेतली तेव्हा दुपार होती. अर्ध्या तासानं दुखणं थांबलं असं म्हणता येणार नाही. दुखणं होतं, पण शेजारच्या घरात होतं. भिंतीपलीकडे कोणीतरी कण्हत होतं आणि मला इकडे ते ऐकू येत होतं, इतकंच. त्या दुखण्याच्या मागोमाग बाकीचंही बरंच काही भिंतीपलीकडे गेलं. बदलीची धास्ती गेली. मुलगी लांब आहे ही रुखरुख गेली. दोन वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हा मी वेळेवर माहेरी, अल्लीपूरला पोहोचले नव्हते, तो सल गेला. मी डोळे उघडे ठेवून पडून राहिले. इतकं स्वस्थ मला लहानपणानंतर कधी वाटलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी कंबर बरीच सुधारली. चिठ्ठी संपली, पण मी तीच चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली. औषधांच्या एका दुकानातल्या माणसानं तिची तारीख कधी पाहिली नाही. तो "मॅडम" म्हणायचा आणि गोळ्या कागदात गुंडाळून द्यायचा. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. व्यसन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे नाल्याकाठी दारू गाळणारा किंवा लपून पिणारा माणूस येतो. इस्त्रीची साडी नेसून साडेनऊला बसथांब्यावर उभ्या राहणाऱ्या बाईकडे त्या नजरेनं कोणी पाहत नाही. मीही स्वतःकडे पाहिलं नाही. एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या चार, आणि पुढे मी मोजणं सोडून दिलं.

त्या वर्षाच्या आठवणी सलग नाहीत. मुलीचा फोन यायचा. एकदा ती म्हणाली, "आई, तू कुठून बोलतेयस? विहिरीत उतरून बोलल्यासारखा आवाज येतोय." मी स्वयंपाकघरातच उभी होते, फोन तोंडाशी धरलेला. एकदा मी दिवसाउजेडी आरशात पाहिलं तर माझ्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. बाकी सगळा डोळा तपकिरी, सपाट. मी आरशाच्या जवळ गेले, दूर झाले, हातानं खिडकीचा उजेड अडवला. बाहुल्या हलल्या नाहीत. तो चेहरा माझाच होता, पण त्याच्या आतून कोणी बाहेर बघत नव्हतं. मी त्याला कुंकू लावलं आणि शाळेत गेले.

हजेरीची गोष्ट त्याच हिवाळ्यातली. चौथीचा वर्ग होता. सकाळचं ऊन खिडकीतून आत आलेलं. मी हजेरी घेत होते. हजेरीपट समोर होता, पण मी वाचत नव्हते. ओठ आपोआप चालत होते. एकेक नाव घ्यायचं, "हजर" ऐकायचं, खूण करायची. एक नाव घेतलं, खिडकीच्या बाजूनं बारीक आवाजात "हजर मॅडम" आलं, मी खूण केली. पुढचं नाव घेतलं तर वर्गातून आवाजच येईना. मी मान वर केली. पोरं माझ्याकडे बघत होती. एकही हालत नव्हतं. मागच्या बाकावरची एक मुलगी तर रडायला आली होती.

"काय झालं?" मी विचारलं.

मग पुढची एक पोरगी हळूच म्हणाली, "मॅडम, ते तं मेली ना."

आधीचं नाव, ज्याला "हजर मॅडम" आलं होतं, ते मागच्या वर्षीच्या पावसाळ्यात साप चावून गेलेल्या मुलीचं होतं. तिच्या घरी मी स्वतः जाऊन बसले होते. यंदाच्या हजेरीपटात तिचं नाव असायचं कारणच नव्हतं. मी खाली पाहिलं. यादीच्या मधेच, दोन नावांमधल्या फटीत, निळ्या शाईत, माझ्याच अक्षरात तिचं नाव लिहिलेलं होतं आणि त्याच्यापुढे आठवडाभराच्या हजेरीच्या खुणा होत्या.

ते मी कधी लिहिलं हे मला आजही सांगता येत नाही. त्या गोळीत माणूस उघड्या डोळ्यांनी पेंगतो, जागेपणात स्वप्न शिरतं, असं पुढे डॉक्टरांनी सांगितलं. त्या खुलाशानं मला बरं वाटलं. पण तो "हजर मॅडम" मी ऐकला होता. अजूनही मला त्या आवाजाची पट्टी आठवते.

मुख्याध्यापकांनी मला काही म्हटलं नाही. त्यांनी नवऱ्याला फोन करून सगळं सांगितलं, मधल्या सुट्टीत मी गोळ्या घेते हेही. संध्याकाळी तो ऑफिसातून आला तो तसाच बूट न काढता माझ्यासमोर उभा राहिला.

"पर्स दे."

मी दिली. मग त्यानं शाळेची पिशवी पाहिली, साड्यांच्या घड्या पाहिल्या, साबुदाण्याचा डबा पाहिला. पलंगावर रिकाम्या स्ट्रिपांचा ढीग झाला. तो बराच वेळ त्याच्याकडे बघत उभा होता.

"तू काऊन नाई सांगतलं मले?"

"काय सांगू? कंबर दुखते म्हणून घेते."

"आता दुखून राह्यली का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला कळेना. कंबर दुखते की नाही हेच मला माहीत नव्हतं. कितीतरी महिने मी तिकडे गेलेच नव्हते.

त्यानं गोळ्या संडासात टाकल्या. त्याला वाटलं, झालं. दुसऱ्या दिवशी दुपारपासून मला जांभया सुरू झाल्या. एकामागून एक, जबडा निखळेल अशा. डोळ्यांतून, नाकातून पाणी. अंगावर काटा उभा राहिला तो बसेचना, सोललेल्या कोंबडीसारखी कातडी दिसू लागली. पाय आपले आपण झटके मारत होते. आणि डोळ्यांच्या त्या टाचणीएवढ्या बाहुल्या आता इतक्या पसरल्या की डोळ्यांत रंगच उरला नाही, नुसता काळोख. शेजारच्या काकू डोकावल्या आणि दारातूनच मागे सरल्या.

"बाहेरचं दिसते बाप्पा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "उतरवून टाका. हे डोळे काई बाईचे नाईत."

माझा नवरा देवभोळा माणूस आहे. तो क्षणभर विचारात पडला हे मी पाहिलं. पण कारकुनाची सवय असल्यामुळे असेल, त्यानं आधी स्ट्रिपवरचं नाव कागदावर उतरवून घेतलं आणि सकाळी मला वर्ध्याला मानसोपचाराच्या ओपीडीत नेलं.

तिथल्या डॉक्टर पन्नाशीच्या होत्या, बोलायला संथ. त्यांनी माझी नाडी पाहिली, बाहुल्या पाहिल्या, हातावरचा काटा पाहिला. ओरडल्या नाहीत, उपदेशही केला नाही. आमच्या दोघांपुढे त्यांनी सगळं मांडलं.

"मेंदूत या औषधाच्या बसायच्या जागा असतात," त्या म्हणाल्या. "एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं समजा. नाल्ट्रेक्झोन नावाची एक गोळी आहे, ती म्हणजे नुसता रुमाल. स्वतः काही करत नाही, पण दुसऱ्याला बसू देत नाही. तुम्ही चोरून गोळ्या खाल्ल्या तरी चढणार नाहीत. तिची सवयही लागत नाही. पण त्याआधी जागा पूर्ण रिकामी पाहिजे. आठ-दहा दिवस एकही गोळी नको, नाहीतर बसलेले सगळे एकदम उठवले जातात आणि आत्ता होतोय त्याच्या कितीतरी पट त्रास होतो."

"आन् दुसरं?" नवऱ्यानं विचारलं.

"मेथाडोन. पातळ औषध असतं, रोज येऊन नर्ससमोर प्यायचं. ते पूर्ण जागेवर बसतं, पण दिवसभर शांत बसतं. मोजक्याच ठिकाणी मिळतं, आपल्याकडे नाही. तिसरं ब्युप्रेनॉर्फिन. जिभेखाली ठेवायची गोळी. जागेवर अर्धंच टेकतं, पण घट्ट टेकतं. अंगदुखी थांबते, तलफ थांबते, माणूस कामाला जाऊ शकतो. ते महिनोन्‌महिने घ्यावं लागतं. काहींना वर्षानुवर्षं."

"म्हंजे एक सोडून दुसरी लावाची?"

"लावायची नाही, द्यायची," डॉक्टर म्हणाल्या. "मला विचाराल तर मी तिसरं म्हणेन. पण ठरवायचं तुम्ही."

आम्ही रुमाल निवडला. मीच निवडला. मला स्वच्छ व्हायचं होतं, एकदम, कोणाला न कळता. मी बारा दिवस वॉर्डात राहिले. झोपेची, उलटीची, पायांच्या झटक्यांची औषधं दिली तरी ते बारा दिवस मला माणसासारखे आठवत नाहीत. मग रक्त तपासलं, लिव्हर पाहिलं आणि नाल्ट्रेक्झोन सुरू झालं. निघताना डॉक्टर म्हणाल्या, "एक गोष्ट दोघांनी लक्षात ठेवा. हे औषध मधेच सोडलं आणि जुन्या हिशेबानं त्या गोळ्या खाल्ल्या तर जीव जाईल. तुम्हाला आकडा आठवेल, शरीर विसरलेलं असेल."

घरी नवरा रोज सकाळी चहाच्या आधी ती गोळी माझ्या हातावर ठेवायचा आणि मी गिळेपर्यंत उभा राहायचा. दोन महिने सगळं बरं चाललं, असं सगळ्यांना वाटलं. मला बरं वाटत नव्हतं. कशालाच चव नव्हती. वरणाला नाही, मुलीच्या हसण्याला नाही. भिंत गेली होती आणि पलीकडचं सगळं घर माझ्या अंगावर येऊन बसलं होतं. वडील रोज आठवायचे. मग मी गोळी गालात धरायला शिकले. नवरा वळला की मोरीत थुंकायची. त्याला फसवणं फार सोपं होतं, कारण तो विश्वास ठेवत होता.

मे महिना होता, शाळेला सुट्ट्या. नाल्ट्रेक्झोन बंद करून मला आठवडा झाला होता. गाद्या उन्हात टाकायला काढताना एका गादीच्या खोळीत मला माझीच जुनी स्ट्रिप सापडली. मी पुढचं दार लावलं. जेवढ्या मी पूर्वी एका वेळी घ्यायचे तेवढ्याच घेतल्या, एकही जास्त नाही. मरायचं असं माझ्या मनात नव्हतं.

कूलर चालू होता. मी पलंगावर पडले. थोड्या वेळानं मला जाणवलं की माझ्या शेजारी कोणीतरी झोपलं आहे. भीती वाटली नाही. त्या माणसाचा श्वास मला ऐकू येत होता. लांब, सावकाश, आत जाताना किंचित घरघरणारा. मला वाटलं, दमून झोपलेलं दिसतंय. मी तो श्वास ऐकत राहिले. दोन श्वासांमधलं अंतर वाढत चाललं. एक यायचा, मग कूलरची घरघर, बराच वेळ नुसती कूलरची घरघर, मग दुसरा. मग तो आलाच नाही. मी वाट पाहिली. कोणाचा तरी श्वास थांबला आहे, कोणाला तरी सांगायला हवं, असं मला वाटलं, आणि त्याचबरोबर असंही वाटलं की एवढी काही घाई नाही. बिचारं, असं मी मनात म्हटलं. बाईचा श्वास होता तो. ती कोण हे बघायला मान वळवावी असंही वाटलं, पण मान मला नव्हतीच.

त्याच वेळी शेजारच्या काकू शेवयांची मशीन परत करायला मागच्या दारानं आत आल्या, म्हणून मी आज हे लिहिते आहे. मी निळी पडले होते, असं त्या सांगतात. त्यांनी आधी पाण्याचा तांब्या माझ्या तोंडावर ओतला, मग गल्ली गोळा केली. ॲम्ब्युलन्समधल्या माणसानं रबरी फुग्यानं वर्ध्यापर्यंत माझ्या छातीत हवा भरली. दवाखान्यात त्या गोळ्यांचा अंमल उतरवणारं नालोक्झोनचं इंजेक्शन दिलं.

मला आठवतं ते तिथून पुढचं. एका क्षणी काही नव्हतं आणि दुसऱ्या क्षणी सगळं होतं. ट्यूबलाइट, फिनाईलचा वास, कोणाचं तरी ओरडणं. ओरडत मीच होते. मला परत आणणाऱ्या त्या लोकांचा मला इतका राग आला होता की मी नर्सच्या हाताला चावले. नवरा पायथ्याशी उभा होता. तो माझ्याकडे बघत नव्हता. तो माझ्या छातीकडे बघत होता, ती वर येते का, खाली जाते का.

यानंतर मी सुधारले असं लिहायला मला आवडलं असतं. शाळा उघडली आणि तीन आठवड्यांत मी पुन्हा त्या दुकानात उभी होते. मरून आलेली बाई पुन्हा गोळ्या कशी खाईल, असं काकू सगळ्यांना म्हणायच्या. मीही तेच म्हणायचे आणि खायचे. फक्त आता मला भीती वाटायची. दुपारी पडले की मी श्वास मोजायचे. एक, दोन, तीन. मोजता मोजता डोळा लागला की दचकून उठायचे. पावसाळा असाच गेला. शेवटी एके दिवशी मी एकटीच, शाळेत रजेचा अर्ज देऊन, वर्ध्याच्या बसमध्ये बसले.

डॉक्टरांनी मला ओळखलं. मी म्हटलं, "मला ती तिसरी द्या."

"शेवटची गोळी कधी घेतली?"

"सकाळी."

"मग आज नाही. ब्युप्रेनॉर्फिन आज दिलं तर ते बसलेल्यांना हुसकून लावेल आणि तुम्ही इथून पळून जाल. उद्या या. रात्रीपासून काही घेऊ नका. त्रास चांगला सुरू झाला की मगच देणार."

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. गालात धरलेल्या गोळ्या, मोरी, नवं-जुनं सगळं. उठून त्यानं मोटरसायकलची हवा पाहिली. सकाळी मला मागे बसवून तो वर्ध्याला घेऊन गेला. वाटेत मला तीनदा उतरून ओकावं लागलं.

ओपीडीच्या मागे एक लांब व्हरांडा होता आणि तिथे भिंतीला लागून बाक. बाकावर आठ-नऊ जण बसले होते. सगळे पुरुष. कोणी हिंगणघाटचा मिल कामगार वाटत होता, कोणी कॉलेजातला, एक जण पांढऱ्या लेंग्यातला म्हातारा शेतकरी. सगळ्यांचे ओठ मिटलेले. सगळे समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत होते. कोणी खोकत नव्हतं, मोबाईल पाहत नव्हतं, कोणी एकमेकांकडेही बघत नव्हतं. माझं अंग आधीच थरथरत होतं, त्यात मला वाटलं की मी त्या दुपारी परत आलेच नाही. ही जागा तिकडचीच आहे, आणि ही माणसंही माझ्यासारखीच, वाट पाहत बसवलेली.

मी जागच्या जागी उभी राहिले. बाकाच्या टोकाला चौकड्यांचा शर्ट घातलेला, चाळिशीचा एक माणूस होता. त्यानं सरकून जागा केली आणि हातानं थापटून बस म्हणून खुणावलं. मी बसले. बऱ्याच वेळानं त्यानं आवंढा गिळला, तोंड उघडलं आणि माणसासारखा बोलला.

"भेऊ नका ताई. तोंडात गोळी राह्यते सगळ्याइच्या. दहा मिनिटं बोलाचं नाई, थुंकी गिळाची नाई. गिळली तं फुकट जाते."

तो समुद्रपूरकडचा होता, टेम्पो चालवायचा. नागपूरच्या फेऱ्यांमध्ये त्याला ब्राऊन शुगर लागली होती. आता सात महिने तो या गोळीवर होता आणि टेम्पो पुन्हा चालवत होता.

नर्सनं माझ्या जांभया, घाम, बाहुल्या सगळ्याला गुण दिले. ते पुरेसे झाल्यावर तिनं माझ्या जिभेखाली एक लहानशी गोळी ठेवली. कडू, वर जरा संत्र्यासारखी काहीतरी चव. मी भिंतीकडे पाहत बसले. दहा मिनिटं. मग आणखी अर्धा तास. काही चढलं नाही. भिंत उभी राहिली नाही, दुखणं शेजारच्या घरात गेलं नाही. फक्त पाय थांबले. मग अंगावरचा काटा बसला. मग मला व्हरांड्याबाहेरच्या चिंचेवर पाखरं ओरडताना ऐकू आली आणि भूक लागली. नवऱ्यानं कॅन्टीनमधून आलूबोंडे आणले. मी दोन खाल्ले. तो बघत होता. कितीतरी महिन्यांनी तो माझ्या छातीकडे न बघता तोंडाकडे बघत होता.

त्यानंतर मी रोज सकाळी तिथे जायचे. शाळेची वेळ मुख्याध्यापकांनी सांभाळून घेतली. कंबरेचा व्यायाम, असं मी त्यांना सांगितलं होतं. टेम्पोवाला बहुतेक माझ्या शेजारीच असायचा. दहा मिनिटं आम्ही भिंतीकडे पाहायचो, मग दोन मिनिटं बोलायचो. त्याला दोन मुली होत्या. धाकटीला पाढे येत नाहीत म्हणून तो मला युक्त्या विचारायचा. मी त्याला बोटांवरचा नवाचा पाढा शिकवला. तो हसला. "हे तं मलेच नव्हतं येत."

दिवाळीनंतर एक दिवस तो म्हणाला, "ताई, मी आता बंद करून राह्यलो. घरचे म्हंतात, अजून किती दिवस खाशीन? बायकोनं पोरीइच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्याले लावली."

"डॉक्टरांना विचारलं का?"

"त्या नाईच म्हंतीन. हळूहळू करू म्हंतात, वर्षभर लागन म्हंतात. शपथ तं झाली ना."

मी त्याला समजावायला हवं होतं. मला सगळं माहीत होतं. पण नेमकी माझी पाळी आली, नर्सनं बोलावलं, गोळी जिभेखाली गेली. दहा मिनिटांनी बाकावर तो नव्हता.

जानेवारीत एका सकाळी मी व्हरांड्यात आले तर तो बसलेला होता. तोच चौकड्यांचा शर्ट, तेच बाकाचं टोक. मला इतका आनंद झाला की नर्सनं गोळी ठेवताच मी जवळजवळ धावत जाऊन त्याच्या शेजारी बसले. त्यानं माझ्याकडे वळून पाहिलं. चेहरा तोच होता. नाक तेच, कपाळ तेच. पण त्यानं मला ओळखलं नाही.

"तुमीच का त्या शाळेतल्या मॅडम?" तो म्हणाला. आवाजही तोच. "मी त्याचा जुळा भाऊ. हा शर्टबी त्याचाच. कार्ड द्याले आलतो." त्यानं खिशातून दवाखान्याचं मळकं कार्ड काढलं. "गेला तो. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. टेम्पोतच सापडला, रस्त्याच्या कडेले. गाडी चालूच होती. त्यानं एकच डाव घेतलं म्हंतात, पयल्याएवढंच."

मला बोलता येत नव्हतं. जिभेखाली गोळी विरघळत होती.

"तो घरी तुमचं सांगे. मॅडमनं पाढा शिकवला म्हने. इथं तो काय बोले, मॅडम? आमच्यापाशी तं काईच बोलला नाई. मले सांगा ना, काय बोले?"

तो त्याच्या भावाच्या चेहऱ्यानं माझ्याकडे बघत होता आणि मी ओठ मिटून बसले होते. बाकावरचे बाकीचेही सगळं ऐकत होते आणि भिंतीकडे बघत होते. कोणीच तोंड उघडलं नाही. गोळी थुंकून टाकावी असं एकदा माझ्या मनात आलं. पण मी ती थुंकून टाकली नाही. मी त्याच्या हातावर हात ठेवला आणि तसाच ठेवून बसले. तोही थांबला. त्याच्या भावाला इथे असंच गप्प बसावं लागत असेल हे त्याला बहुधा तेव्हा कळलं.

दहा मिनिटांनी मी म्हटलं, "पोरींबद्दलच बोलायचा. आणि गोळी बंद करतो म्हणाला तेव्हा मी त्याला थांबवलं नाही."

भावानं हातातलं कार्ड दोनदा उलटसुलट केलं. मग म्हणाला, "आमीच बंद कराले लावली, मॅडम." कार्ड नर्सच्या टेबलावर ठेवून तो गेला.

त्या दिवशी मी शाळेत उशिरा पोहोचले. मुख्याध्यापकांनी कंबर कशी आहे विचारलं. मी खुर्चीत बसले आणि त्यांना खरं सांगितलं. कुठं जाते, काय घेते, किती दिवस घ्यावं लागेल ते माहीत नाही, हे सगळं. ते हजेरीपटावर रेघा मारत होते, ते थांबले. मग म्हणाले, "पयला तास मी घेत जाईन. तुमी दुसऱ्यापासून या."

या गोष्टीला आता दोन वर्षं होत आली. मला दोन आठवड्यांच्या गोळ्या घरी मिळतात. कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली नवऱ्याकडे, तशी मीच मागणी केली. मात्रा निम्म्यावर आली आहे. मागच्या खेपेला आणखी कमी करताना मला चार दिवस झोप लागली नाही, तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा आधीच्या मात्रेवर आणली. त्यात हरल्यासारखं काही नाही, म्हणाल्या. मुलगी सगळं जाणते. ती सुट्टीत आली की स्वतःच माझ्या हातावर गोळी ठेवते आणि मोबाईलवर दहा मिनिटांचा गजर लावते. शेजारच्या काकू अजून मला दर गुरुवारी अंगारा लावतात. मी लावून घेते. त्या दुपारी दार ढकलून आत आलेल्या त्याच होत्या.

मला अजून एकच गोष्ट कोणाला नीट सांगता आलेली नाही. पलंगावर माझ्या शेजारी जी बाई झोपली होती तिच्याविषयी मला मधूनमधून वाईट वाटतं. मी परत आले, ती आली नाही, असं मला खरोखर वाटतं. नवऱ्याला मी हे एकदा सांगून पाहिलं. तो म्हणाला, "तूच होती ते." मग माझा डबा हातात देत म्हणाला, "चाल, बस चुकन तुयी."